जर्सी शोअर: आईबाबांना घेऊन चार दिवस, कुठल्या गावी राहावं?

निशिगंध
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला काढली, पण किनाऱ्यावर कधी मुक्काम केला नाही. सकाळी जायचं, वाळू घेऊन रात्री घरी यायचं, एवढंच. यंदा आईबाबा आलेत. बाबा ७४ वर्षांचे, फौजेतून निवृत्त. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. सपाटीवर छान चालतात, वाळूत पाय टाकायला घाबरतात. आई पूर्ण शाकाहारी. मुलं ९ आणि १४.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस मोकळे मिळालेत. एकाच गावात मुक्काम करायचाय, रोज बॅगा भरायच्या नाहीत. बाबांची मागणी एकच: "मला समुद्रासमोर बसव आणि तुम्ही कुठेही जा." नवरा म्हणतो अटलांटिक सिटी, कारण तेवढंच नाव त्याला माहीत आहे. माझं मन घेत नाही. तुम्ही आपल्या वडीलधाऱ्यांना कुठे नेलंत?

मधली सुट्टी
ओशन सिटी. डोळे झाकून.

वाटसरू
डोळे उघडे ठेवून मीही तेच सांगेन, पण आधी थोडा भूगोल. वर सँडी हूक, खाली केप मे, मध्ये सुमारे १३० मैलांचा किनारा. बराचसा भाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्या, आणि त्यावर एकापुढे एक गावं. दोन गावांच्या मध्ये फक्त एक पूल असतो, पण स्वभावात जमीनअस्मानाचा फरक. सीसाइड हाइट्समध्ये रात्री अकराला गाण्यांचा धडाका, आणि स्प्रिंग लेकच्या दोन मैलांच्या बोर्डवॉकवर (किनाऱ्यालगतची फळ्यांची वाट) एकही दुकान नाही.

गार्डन स्टेट पार्कवेचे एक्झिट मैलांप्रमाणे आहेत, शून्य नंबर केप मेला. तुमचं एडिसन १३० च्या आसपास. ओशन सिटीला २५ नंबरला उतरायचं, म्हणजे १०५ मैल. शुक्रवारी दुपारी मात्र मैलांचा हिशेब विसरा. गुरुवारी सकाळी निघा.

खारी हवा
अटलांटिक सिटीला सगळे नाकं का मुरडतात? निशिगंध, तुमच्या मिस्टरांची बाजू मी घेतो. बोर्डवॉक ही चीज जन्मलीच तिथे, १८७० साली. रेल्वेतला एक कंडक्टर आणि एक हॉटेलवाला वैतागले होते, कारण फिरून येणारे लोक डब्यांत आणि हॉटेलच्या गालिच्यांवर वाळू सांडायचे. म्हणून वाळूवर फळ्या टाकल्या. पहिला बोर्डवॉक आठ फूट रुंद होता आणि हिवाळ्यात उचलून ठेवायचे. आज तो मैलोन्‌मैल आहे, हमरस्त्याएवढा रुंद, कुठे पायरी नाही की चढ नाही. चालून दमलात तर माणसाने ढकलायच्या वेताच्या खुर्च्या मिळतात. गुडघेवाल्यांसाठी याहून सोपी जागा दाखवा.

शिवाय तिथे किनाऱ्यावर जायला पैसे पडत नाहीत. मोनोपॉली खेळलेली मुलं असतील तर पटावरचे रस्ते पायाखाली येतात, तो आनंद वेगळाच.

सुगरण
@खारी हवा, दिवसा ठीक. पण बोर्डवॉक सोडून दोन गल्ल्या आत गेलं की रिकामे प्लॉट आणि बंद दुकानं. आणि कसिनोच्या हॉटेलात लॉबीतून जाता-येता सिगारेटचा वास. माझ्या सासूबाईंना दमा आहे, आम्ही दुसऱ्या दिवशी खोली सोडली. मुलांबरोबर मुक्कामाला मी नाही म्हणेन. एक दुपार जाऊन या.

आणि हो, "पैसे पडत नाहीत" यावरून आठवलं. समुद्रावर जायला बिल्ला विकत घ्यायचा ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे?

वाटसरू
कायद्यानेही नाही. भरतीच्या रेषेच्या खालची ओली वाळू आणि पाणी सगळ्यांचं, राज्य फक्त विश्वस्त. पण वरची वाळू साफ करायला, जीवरक्षक ठेवायला, स्वच्छतागृहं चालवायला गावाला खर्च येतो, तो बिल्ल्यातून काढतात. ब्रॅडली बीचने १९२९ मध्ये सुरुवात केली, मग बाकीच्यांनी उचललं. बारा वर्षांखालच्या मुलांना गावाच्या किनाऱ्यावर पैसे लावता येत नाहीत, त्यामुळे ९ वर्षांच्या लेकराला बिल्ला लागणार नाही.

बिल्ल्याशिवायची मोठी ठिकाणं: अटलांटिक सिटी आणि तिन्ही वाइल्डवुड. सँडी हूकला बिल्ला नाही पण उन्हाळ्यात पार्किंगचे पैसे आहेत. आणि बोर्डवॉकवर बसायला कुठेही बिल्ला लागत नाही! बाबांचं काम फुकटात होतंय.

सुगरण
विश्वस्त असेल, पण पार्किंग दोन तासांचं ठेवायचं आणि रस्त्यात कुठे स्वच्छतागृह ठेवायचं नाही, हाही बाहेरच्यांना हाकलायचाच प्रकार आहे. एका गावात (नाव नाही घेत) आम्ही चार ब्लॉक चालत गेलो, हातात छत्री, डबे, दोन पोरं. तिथे कळलं की वाळूवर डबा न्यायला बंदी. परत चार ब्लॉक.

चिऊताई
डब्यावरून एक मजेशीर गोष्ट. दक्षिणेकडच्या गावांत बाहेरून येणाऱ्यांना 'शूबी' म्हणतात. फिलाडेल्फियाहून एका दिवसासाठी रेल्वेने येणारे लोक जेवण बुटांच्या खोक्यात भरून आणायचे, त्यावरून. (उत्तरेकडे 'बेनी' म्हणतात, ते जरा झोंबणारं आहे.) धपाटे, कोरडी चटणी, दही-पोहे घेऊन उतरणारे आपण सगळे पक्के शूबी.

मधली सुट्टी
आजपासून माझं सदस्यनाम शूबी नंबर १.

दर्यावर्दी
गावाचं काहीही ठरवा, पण दोन मुलं आहेत म्हणून हे लिहितोय. कृपया पूर्ण वाचा.

सहा वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याला रिप करंटने (समुद्रात आत खेचणाऱ्या प्रवाहाने) ओढलं. मुलगा पट्टीचा पोहणारा, वय १५. संध्याकाळची सव्वासहाची वेळ, जीवरक्षक खुर्च्या उलट्या करून गेलेले. पाणी शांत दिसत होतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधल्या दोनेक गाळ्यांच्या पट्ट्यात फुटत नव्हत्या. आम्हाला वाटलं तीच चांगली जागा. तीच वाईट होती. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्या खोल पट्ट्यातून परत आत जात असतं, आणि खोलीमुळे तिथे लाट फुटत नाही. पाणी गढूळ, फेस आत जाताना दिसतो. हे सगळं मला नंतर कळलं.

तो किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत होता आणि लांब लांब जात होता. त्याचं डोकं नारळाएवढं दिसायला लागलं. एका म्हाताऱ्या मासेमारी करणाऱ्या गोऱ्या गृहस्थांनी गळ टाकून दिला आणि दोन्ही हात आडवे हलवत ओरडले, "साइडवेज! साइडवेज!" भाच्याला ऐकू गेलं की सुचलं कोण जाणे, तो किनाऱ्याला समांतर पोहायला लागला आणि बराच पुढे जाऊन लाटांबरोबर बाहेर आला. वाळूवर पालथा पडून राहिला, बोलेना. माझ्या बहिणीने त्याचा घोटा धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

तेव्हा: जीवरक्षक असतील तेव्हाच आणि त्यांच्या झेंड्यांच्या आतच पाण्यात. ओढलं गेलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, आडवं पोहायचं. जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करायचा. वाचवायला मागे उडी मारायची नाही, तरंगणारं काहीतरी फेकायचं. मुलांकडून हे आधीच घरी पाठ करून घ्या.

निशिगंध
दर्यावर्दी, वाचून हातपाय गार पडले. दोघांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. मनापासून आभार.

अण्णा
+१ दर्यावर्दी. जूनमध्ये पाणीही बर्फासारखं असतं, पायात गोळे येतात. आणि जुलैत एकदम ऊन तापल्यावर पाणी कोमट असेल असं समजू नका. सलग दोन-तीन दिवस नैर्ऋत्येचा वारा सुटला की वरचं तापलेलं पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार वर येतं. माणसं पाण्यात उडी मारून ओरडत बाहेर येतात.

अजून एक: जुलैत दक्षिण भागात हिरव्या डोळ्यांच्या माश्या चावतात. ग्रीनहेड म्हणतात. मागच्या खाजणातून येतात. वारा पश्चिमेकडून असला की किनारा सोडून पळावं लागतं. खाजणात चार पायांवर काळ्या पेट्या उभ्या दिसतील, ते या माश्यांचे सापळे. जूनअखेर जाताय ते बरंच आहे.

चिऊताई
आता खरा मुद्दा, जो कुणी मांडला नाही. बाबांना बसायचंय ना? मग *बाकावरून समुद्र दिसतो का* हे बघा! बऱ्याच गावांत बोर्डवॉक आणि पाणी यांच्यामध्ये वाळूचे उंच ढिगारे आहेत, गवत लावलेले. बाकावर बसलं की समोर गवत आणि वर आभाळ. समुद्र नुसता ऐकायचा.

आणि त्या ढिगाऱ्यांना नावं ठेवू नका हं. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा आम्ही टॉम्स रिव्हरला होतो. आठवडे गेले तरी पुलापलीकडे सोडत नव्हते. सीसाइड हाइट्सच्या धक्क्यावरचा रोलर कोस्टर उचलून समुद्रात जाऊन बसला होता, आख्खा, उभाच्या उभा. पुढच्या मे महिन्यात तोडून काढेपर्यंत तो पाण्यात तसाच होता. बोर्डवॉकच्या फळ्या लोकांच्या अंगणात सापडल्या. जिथे ढिगारे रुंद आणि उंच होते तिथली घरं त्यामानाने वाचली. मग नवीन फळ्या बसल्या, उन्हाळा पार पडला, आणि २०१३ च्या सप्टेंबरात आग लागून मोठा भाग पुन्हा जळाला. त्या रात्रीचा वास अजून नाकात आहे, डांबर आणि जळक्या साखरेचा. आमच्या शेजारच्या आजी खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "आता मी पुन्हा नाही जाणार." पण पुढच्या मेमध्ये गेल्या. मीच घेऊन गेले.

ढिगाऱ्यांवर मुलांना चढू देऊ नका, गवताची मुळं तुटली की वाळू उडून जाते. एवढंच.

वाटसरू
चिऊताई, सुंदर प्रतिसाद. बाकाच्या हिशेबाने बोलायचं तर ओशन सिटीत मधल्या भागात, म्युझिक पियरच्या आसपास, समोर पाणी नीट दिसतं. टोकांकडे ढिगारे आहेत. बोर्डवॉक अडीच मैल. गावात दारू विकत नाहीत, १८७९ पासून, मेथॉडिस्ट धर्मोपदेशकांनी वसवलेलं गाव. त्यामुळे रात्रीही आजीआजोबा, बाबागाड्या, आइस्क्रीम असंच वातावरण. सकाळी सायकलींना मुभा असते, तेव्हा बाबांना कडेने चालायला सांगा. मोठा आकाशपाळणा असलेला जुना पार्क २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झाला, त्याची हळहळ आहे, पण मुलांना खेळायला दुसरं पुष्कळ आहे.

खारी हवा
मी हरलो, मान्य. पण केप मे तरी बघा. अटलांटिक सिटी नाही तर नाही, आणि मार्गेटचा लुसी हत्ती चुकवू नका. १८८१ मध्ये बांधलेली सहा मजली लाकडी हत्तीण, वरून पत्रा. पायातल्या गोल जिन्याने आत चढायचं.

फुलपाखरू
केप मेला +१००. तिथे लाकडी बोर्डवॉक नाही, डांबरी प्रोमनेड आहे, फळ्यांच्या फटीत काठी अडकायची भीती नाही. १८७८ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला आणि नव्याने बांधलेली ती रंगीत, नक्षीदार घरं आजही उभी आहेत.

अवांतर: जमलं तर डेलावेअर उपसागराच्या बाजूला संध्याकाळच्या भरतीला जा. मे-जूनमध्ये हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला येतात. डायनोसॉरच्या आधीपासूनचा जीव. लाटेने उलटे पडले तर उन्हात मरतात, म्हणून आम्ही दरवर्षी सरळ करायला जातो. शेपटीला धरायचं नाही, कवचाच्या कडेला धरून पलटायचं. ती अंडी खायला रेड नॉट नावाचे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून येतात आणि वजन जवळजवळ दुप्पट करून आर्क्टिककडे जातात. त्यांच्यासाठी काही किनारे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंद असतात, तुम्ही जाल तेव्हा उघडलेले असतील.

सुगरण
आईंसाठी: पिझ्झा, बटाट्याचे फ्राइज, मक्याचं कणीस, फज मिळेल. सॉल्ट वॉटर टॅफीच्या काही प्रकारांत अंड्याचा पांढरा बलक असतो, खोक्यावरची यादी वाचा. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, सकाळी गरम चहा आणि पोहे झाले की अर्धी लढाई जिंकली.

अण्णा
आणि वाळूत चालणारी चाकाची खुर्ची मागा! फुग्यासारखी जाडजूड चाकं असतात. ओशन सिटीत आणि इतरही बऱ्याच गावांत फुकट देतात, आधी फोन करून ठेवावा लागतो.

निशिगंध
ठरलं. ओशन सिटी मुक्काम, एक दिवस केप मे. आल्यावर लिहिते.

मधली सुट्टी
लिहितो म्हणणारे लिहीत नाहीत असा या संस्थळाचा इतिहास आहे.

निशिगंध
इतिहास मोडायला आले! परवा परतलो.

आधी तक्रार. आम्ही तळमजल्याची खोली मागितली होती, हाती दुसऱ्या मजल्याची किल्ली आली, आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. तासभर वाद घातल्यावर बदलून मिळाली. बुकिंगच्या कागदावर "तळमजला" लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

बाबा रोज सकाळी साडेसहाला म्युझिक पियरजवळच्या बाकांवर. तिथल्या बऱ्याच बाकांच्या पाठीवर पितळी पट्ट्या आहेत, कुणाच्या ना कुणाच्या आठवणीत दिलेल्या. बाबा प्रत्येक पट्टी वाचायचे, रोज वेगळ्या बाकावर बसायचे आणि मला येऊन सांगायचे, "आज मी एका शिक्षिकेच्या बाकावर होतो. बेचाळीस उन्हाळे आल्या होत्या इथे."

खुर्चीला दोन दिवस नकार. "मी काय पेशंट आहे?" तिसऱ्या दिवशी नातवानेच खुर्ची आणून बाकासमोर उभी केली आणि एवढंच म्हणाला, "आजोबा, जीप." बसले! त्याने ढकलत ओल्या वाळूपर्यंत नेलं. पहिली लाट पायाला लागली तेव्हा बाबांनी पाय वर घेतले, दुसऱ्या लाटेला खाली ठेवले. चाकांभोवती वाळू खचत होती, खुर्ची हळूच डुलत होती. आई साडीचा काठ मुठीत धरून शेजारी उभी. अर्ध्या तासाने मी म्हटलं चला, तर म्हणाले भरती अजून यायचीय.

मुलं झेंड्यांच्या आतच होती. धाकटी दर वेळी पाण्यात जायच्या आधी मोठ्याने म्हणायची, "आडवं पोहायचं!" दर्यावर्दी, हे तुमच्यामुळे.

केप मेला दोघं मुलं दीपगृहाच्या १९९ पायऱ्या मोजत चढली. संध्याकाळी सनसेट बीचला गेलो. समोर पाण्यात एका काँक्रीटच्या जहाजाचा उरलासुरला तुकडा दिसतो, १९२६ मध्ये रुतलेलं. मुलं गारगोट्या वेचत होती, त्यांना तिथे केप मे डायमंड म्हणतात. सूर्यास्ताला झेंडा उतरवतात हे आम्हाला माहीत नव्हतं. तो झेंडा एखाद्या दिवंगत सैनिकाच्या शवपेटीवरचा असतो, घरचे लोक आणतात. त्या दिवशी एक बाई आणि तिचा मुलगा होता. राष्ट्रगीत लागलं तसे बाबा काठी बाजूला ठेवून उठले आणि ताठ उभे राहिले. झेंड्याची शेवटची घडी होईपर्यंत खाली बसले नाहीत. परतताना गाडीत कुणीच बोललं नाही, आईने मागून फक्त पाण्याची बाटली पुढे दिली.

खारी हवा
आणि लुसी?

निशिगंध
पाहिली. बाबा खालीच बसले. बाकावर.

अण्णा
निशिगंध, माझ्या आईला सप्टेंबरमध्ये न्यायचंय. तेव्हा खुर्ची मिळते का आणि जीवरक्षक असतात का?

वाटसरू
अण्णा, लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) गर्दी ओसरते, पाणी अजून कोमट असतं, स्थानिक लोक त्याच महिन्याची वाट पाहतात. पण बऱ्याच ठिकाणी जीवरक्षक कमी होतात किंवा फक्त शनिवार-रविवारी असतात. गावाच्या बीच पॅट्रोलला (जीवरक्षकांच्या कार्यालयाला) फोन करून दोन्ही गोष्टी एकदम विचारा. केप मेला गेलात तर मोनार्क फुलपाखरांचा दक्षिणेकडचा प्रवास तेव्हा सुरू झालेला असतो.

फुलपाखरू
कुणी हाक मारली का? अण्णा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात या. उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी सकाळी दीपगृहाजवळच्या ढिगाऱ्यांपाशी, पिवळ्या गोल्डनरॉडवर बघा. आईंना बसायला तिथेही बाक आहेत.